मेडिकलला नंबर लागतोय, पण कॉलेज कुठलं घेऊ आणि बॅगेत काय भरू? दरवर्षी येणारे प्रश्न

नीटचा रिझल्ट लागला की माझा फोन गरम होतो. मावशीच्या जावेची मुलगी, आमच्या गल्लीतल्या सरांचा मुलगा, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे, आणि सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच. म्हणून एकदाच लिहून ठेवतेय, आता लिंक पाठवली की काम झालं. मी स्वतः महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलंय, त्यामुळे इथे सगळं आपल्याकडच्या अ‍ॅडमिशनबद्दल आहे. आणि हो, नियम दरवर्षी थोडेफार हलतात, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचायचा कंटाळा करू नका, माझं वाचून झालं तरी.

ताई, स्टेट कोटा आणि ऑल इंडिया कोटा, दोन्हीकडे फॉर्म भरायचा का?

हो, दोन्हीकडे. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा दिल्लीची एमसीसी (केंद्राची मेडिकल प्रवेश समिती) भरते आणि ८५ टक्के आपला सीईटी सेल (राज्याचा प्रवेश विभाग). दोन्हींच्या वेबसाइट वेगळ्या, रजिस्ट्रेशन वेगळं, पैसे वेगळे, तारखा वेगळ्या. एकीकडे भरला म्हणजे दुसरीकडे आपोआप जातो असं समजून बसलेली पोरं दरवर्षी भेटतात. एम्स, जिपमर आणि सगळी डीम्ड (स्वतःलाच विद्यापीठाचा दर्जा असलेली) कॉलेजं पण एमसीसीतूनच. डीम्डसाठी डिपॉझिटच दोन लाखांचं आहे, त्यामुळे उगाच बघू या म्हणून तिथे टिक करू नका.

स्टेट कोट्यासाठी साधारण अट अशी की दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि डोमिसाइल महाराष्ट्राचं. बेळगाव-कारवारकडची मराठी मुलं, किंवा वडिलांच्या बदलीमुळे दहावी बाहेर झालेली मुलं, यांनी अपवादाची कलमं नीट वाचा, त्यांच्यासाठी वेगळ्या तरतुदी असतात पण कागद जास्त लागतात.

ओबीसी सर्टिफिकेट आहे, ते एमसीसीला चालेल ना?

राज्याचं नॉन-क्रीमी लेयर जसंच्या तसं नाही चालत. केंद्राचा नमुना वेगळा असतो, तो तहसीलमधून वेगळा काढावा लागतो, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघावं लागतं. एसईबीसी (मराठा) आरक्षण फक्त राज्यापुरतं आहे, एमसीसीत तो कॉलमच नाही. हे काम जूनमध्ये करा. ऑगस्टमध्ये सेतू केंद्राबाहेर उभं राहणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

प्रेफरन्स फॉर्ममध्ये आधी मिळण्यासारखं कॉलेज टाकू की आवडीचं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश सांगते.

कॉम्प्युटर काय करतो, मेरिट लिस्टमध्ये तुमचा नंबर आला की तुमची यादी वरून खाली वाचत येतो. समजा तुम्ही एक नंबरला केईएमचं जीएस, दोनला पुण्याचं बीजे, तीनला मिरज, चारला सोलापूर टाकलं. जीएसची तुमच्या कॅटेगरीची सीट संपली असेल तर तो बीजे बघतो, ती पण नसेल तर मिरज, आणि मिरजेत जागा असेल तर ती तुम्हाला देऊन पुढच्या मुलाकडे जातो. म्हणजे वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही. "एवढे मार्क नाहीत, केईएम कशाला टाकायचं, एक चॉइस वाया जाईल" असं क्लासवाले काका सांगतात ते चूक आहे, चॉइस वाया वगैरे काही जात नसतो. मागच्या वर्षीचा कटऑफ फक्त एवढ्यासाठी बघायचा की यादी किती खालपर्यंत लांबवायची. क्रम ठरवायचा तो आपल्या मनाने.

उलट धोका दुसराच आहे. जिथे जायचंच नाही असं कॉलेज यादीत टाकून ठेवणं. ते मिळालं की मग घरात रडारड.

पहिल्या राउंडला मिळालं, पण अजून वरचं हवंय. जॉइन करू का?

करा. आपल्या कॅपमध्ये (म्हणजे सीईटी सेलच्या राउंडमध्ये) जॉइन केल्यावर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म असतो. तो भरून दिला म्हणजे "मला हेच कॉलेज हवं, पुढच्या राउंडला मला घेऊ नका". नाही भरला तर तुम्ही पुढच्या राउंडला बेटरमेंटसाठी आपोआप उभे. आणि वरचं मिळालं की जुनी सीट त्याच क्षणी गेली, मग नवीन ठिकाणी जायचंच, परत येतो म्हणता येत नाही. हॉस्टेल लागलं, मैत्रिणी झाल्या, गादी घेतली आणि दुसऱ्या राउंडला धुळ्याहून नांदेड, असं होतं. म्हणून दुसऱ्या राउंडच्या आधी यादी परत बघा आणि आता ज्या कॉलेजात आहात त्याच्यापेक्षा खरंच बरी वाटतात तेवढीच वर ठेवा.

एमसीसीत पहिल्या राउंडची सीट सोडली तर नुकसान नाही, दुसऱ्यापासून डिपॉझिट जातं आणि पुढे नियम आणखी कडक होत जातात. दोन्हीकडच्या तारखा एका कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा, आई-बाबांना दिसतील अशा.

कॉलेज चांगलं की वाईट हे बघायचं कसं? सगळे नुसतं नाव सांगतात.

नाव म्हणजे बऱ्याचदा कटऑफचीच कीर्ती. मला विचाराल तर मेडिकल कॉलेज म्हणजे त्याचं हॉस्पिटल, बिल्डिंग नाही. शक्य असेल तर एखाद्या सोमवारी सकाळी दहा-अकराच्या सुमारास त्या हॉस्पिटलच्या केसपेपरच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहा. रांग दारातून बाहेर गेलेली आहे, नातेवाईक जिन्यात डबा खातायत, स्ट्रेचरला वाट मिळत नाहीये, तर ते शिकायला चांगलं कॉलेज आहे. (पेशंटसाठी चांगलं आहे असं मी म्हणत नाही, तो वेगळा आणि दुःखाचा विषय.) पुण्याचं ससून, संभाजीनगरची घाटी, नागपूरचं मेडिकल, सायन, केईएम, इथे तिसऱ्या वर्षापर्यंत जे डोळ्याखालून जातं ते चकाचक काचेच्या हॉस्पिटलात इंटर्नशिप संपेपर्यंत जात नाही. काही खासगी कॉलेजांची हॉस्पिटलं खरोखर भरलेली असतात, काहींची इन्स्पेक्शनच्या दिवशी भरतात. तिथल्या थर्ड इयरच्या मुलांना एकट्यात गाठून विचारा, ती खरं सांगतात.

दुसरी गोष्ट म्हणजे पीजी (एमडी-एमएसचं शिक्षण) आहे का. मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, पेडियाट्रिक्स या विभागांत रेसिडेंट असतील तर रात्री वॉर्डात शिकवणारं कुणीतरी असतं. मोठे सर राउंडला येतात आणि जातात. सलाइन कशी लावायची, पेशंटच्या नातेवाइकाशी कसं बोलायचं, हे जेआर वन (पहिल्या वर्षाचा रेसिडेंट) शिकवतो, तोही स्वतः उभ्या उभ्या झोपत असताना.

तिसरं हॉस्टेल, त्यावर पुढे लिहिलंय. चौथं अंतर. बास. लायब्ररीत पुस्तकं किती आणि ऑडिटोरियम एसी आहे का याने कुणी डॉक्टर झालेलं मी पाहिलं नाही.

२५० सीटचं मोठं कॉलेज की १०० सीटचं छोटं?

जीएस, ग्रँट (म्हणजे जेजे), बीजे, नागपूर मेडिकल इथे २५० मुलांची बॅच असते. पेशंट भरपूर, सिनियर भरपूर, फेस्ट मोठे, पण एका पेशंटच्या खाटेभोवती पंधरा जण उभे आणि मागच्याला फक्त पुढच्याचा अ‍ॅप्रन दिसतो. १०० च्या बॅचमध्ये सरांना तुमचं नाव माहीत असतं, हे चांगलं पण आणि वाईट पण. धीट असाल, कोपर मारून पुढे जात असाल तर मोठं घ्या. गप्प बसणाऱ्या मुलांचं छोट्या पण जुन्या कॉलेजात जास्त चांगलं होताना मी बघितलंय. अंबाजोगाईसारखं कॉलेज घ्या, गाव छोटं, पण आजूबाजूच्या तालुक्यांचा सगळा भार त्याच हॉस्पिटलवर.

नवीन सरकारी कॉलेज निघालीत, तिथे जावं का?

२०२४ मध्ये एकदम दहा कॉलेजांना परवानगी मिळाली, वाशीम, हिंगोली, जालना, बुलढाणा, गडचिरोली, भंडारा, अमरावती, अंबरनाथ, नाशिक आणि मुंबईत एक. त्याच्या थोडं आधी सिंधुदुर्ग, सातारा, अलिबाग, धाराशिव, परभणी, रत्नागिरी ही निघाली. बहुतेक ठिकाणी जिल्ह्याचं सिव्हिल हॉस्पिटलच कॉलेजला जोडलेलं असतं, त्यामुळे पेशंट असतात. अडचण शिक्षकांची, हॉस्टेलची आणि सिनियर नसण्याची. पहिल्या बॅचला कुणी नोट्स देत नाही, कुठले सर व्हायवात (तोंडी परीक्षेत) काय विचारतात ते सांगत नाही.

माझं मत, खासगीत दरवर्षी दहा लाख भरण्यापेक्षा नवीन सरकारी शंभर टक्के बरं. पण जुनं सरकारी मिळत असेल आणि घरापासून लांब आहे एवढ्याच कारणाने नवीन घेत असाल तर परत विचार करा. पाच-सहा वर्षांनी हीच कॉलेजं चांगली होतील, पण तुमची ती वर्षं आत्ताचीच.

मुंबईच घेऊ का? सगळे म्हणतात मुंबई ती मुंबई.

शिक्षणाच्या दृष्टीने बोलायलाच नको. ग्रँट १८४५ चं, नायर १९२१ चं, जीएस १९२६ चं. पण मुंबईत हॉस्टेलची बोंब असते. एका खोलीत किती जण हे ऐकून आई-वडील परत फिरलेले मी पाहिलेत, आणि बाहेर परळ-सायनला खोली भाड्याने घ्यायची तर सरकारी फीमध्ये वाचवलेले पैसे तिथे जातात. मुंबईतच घर असलेल्यांना बऱ्याचदा हॉस्टेल मिळतच नाही, मग डोंबिवलीहून रोज लोकल आणि आठच्या लेक्चरला बायोमेट्रिक. जमतं, पोरं करतात, फक्त आधी माहीत असू दे.

विदर्भातली मुलगी, पश्चिम महाराष्ट्रात नंबर लागेल का? ७०:३० चं काय झालं?

ते सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झालं. आधी विभागातल्या मुलांना ७० टक्के जागा असायच्या, आता सगळा महाराष्ट्र एकच. म्हणून तर गोंदियाची मुलगी कोल्हापूरला आणि कोल्हापूरचा मुलगा गोंदियाला, आणि दोघं महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये एकमेकांना क्रॉस होतात.

यात भाषेची गंमत येते, तिचा विचार कुणी करत नाही. सोलापूरला पेशंट तेलुगू आणि कन्नड बोलणारे, मिरजेला कर्नाटकातून येणारे, धुळे-नंदुरबारला अहिराणी आणि भिली, मुंबईत हिंदी. हिस्ट्री घेताना "पोटात कालवतंय", "हातापायाला मुंग्या", "डोकं धरलंय" हे नेमकं काय ते पकडायला वर्ष जातं. घाबरू नका, सिस्टर आणि मावशी मदत करतात.

नागपूरला मेडिकल आणि मेयो म्हणजे काय? फॉर्ममध्ये तर ही नावं दिसत नाहीत.

मेडिकल म्हणजे गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज, मेयो म्हणजे इंदिरा गांधी. तसंच घाटी म्हणजे संभाजीनगरचं सरकारी कॉलेज, ससून म्हणजे बीजे, कूपर म्हणजे बाळासाहेब ठाकरेंच्या नावाचं जुहूचं कॉलेज. फॉर्म भरताना कोड नंबर दोनदा ताडून बघा.

सेवाग्रामला खरंच खादी घालावी लागते?

हो. १९६९ चं कॉलेज आहे, सुशीला नायर यांनी सुरू केलेलं, आणि पहिल्या वर्षी सुरुवातीचे काही दिवस आश्रमात राहायचं, प्रार्थना, सफाई, श्रमदान. गावात कॅम्प असतो. कम्युनिटी मेडिसिन तिथल्यासारखं क्वचितच कुठे शिकवतात. ज्याला हे सगळं ढोंग वाटतं त्याने घेऊ नये, ज्याला आवडेल त्याने डोळे झाकून घ्यावं. पुण्याच्या एएफएमसीचं (सैन्याच्या मेडिकल कॉलेजचं) गणित वेगळं, तिथे नीटनंतर आणखी एक चाचणी, मुलाखत आणि मेडिकल होतं आणि नंतर सैन्यात नोकरी करायची असते. ते कॉलेज निवडणं म्हणजे करिअर निवडणं आहे, फी कमी म्हणून जाऊ नका.

फी किती लागते?

सरकारीत ट्यूशन फी वर्षाला लाख-दीड लाखाच्या घरात, वर हॉस्टेल, मेस, परीक्षा फी. खासगी कॉलेजात सात-आठ लाखांपासून पंधराच्या आसपास, ही फी फी नियामक प्राधिकरण ठरवतं आणि त्यांच्या वेबसाइटवर बघता येते, एजंटला विचारायची गरज नाही. डीम्डला वीसच्या पुढे. गुणिले साडेचार करा, वर्षागणिक वाढ धरा, हॉस्टेल धरा, मग घरात बोला.

सवलती: जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण कॅपमधून प्रवेश हवा, खासगी डीम्ड आणि मॅनेजमेंट कोट्याला नाही. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज योजना, हॉस्टेलसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, एससीसाठी स्वाधार. बहुतेक अर्ज महाडीबीटीवर. पैसे उशिरा येतात हे धरूनच चाला, पहिल्या वर्षाचे हातात ठेवा. एज्युकेशन लोनमध्ये साडेसात लाखांपर्यंत बहुधा तारण मागत नाहीत, त्याच्या वर घर किंवा शेताचे कागद. बँक बोनाफाइड आणि फी स्ट्रक्चर मागते, ते रिपोर्टिंगच्याच दिवशी कॉलेजातून घेऊन ठेवा.

बाँड म्हणजे काय? नाही केला तर?

सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजातून एमबीबीएस केलं की एक वर्ष सरकारी सेवा, नाहीतर दहा लाख भरायचे. काही जण सुरुवातीपासूनच "आम्ही भरून टाकू" म्हणतात. भरा, तुमचे पैसे. पण पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) एकट्याने ओपीडी काढलेला डॉक्टर आणि थेट पीजीच्या अभ्यासाला बसलेला डॉक्टर, रात्री दोनला कोण कामाचा ते सांगायला नको. पीजीच्या आधी बाँड की नंतर, याचे नियम मध्ये मध्ये बदलत आलेत, तेव्हा पाच वर्षांनंतरचं टेन्शन आत्ता घेऊ नका.

सरकारी हुकलं. ड्रॉप, खासगी की परदेश?

ड्रॉप घ्यायला नियमाची आडकाठी नाही, नीटला प्रयत्नांची आणि वयाची वरची मर्यादा नाही. पण पोराला विचारा, शेजाऱ्यांना नाही. थोडक्यात हुकलं असेल आणि कुठल्या विषयात गेलं हे तो स्वतः सांगू शकत असेल तर एक वर्ष द्या. "परत करतो बघू" असं खाली बघून म्हणत असेल तर नको.

परदेशासाठी एनएमसीचे (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे) नोव्हेंबर २०२१ चे नियम वाचा: किमान ५४ महिन्यांचा कोर्स, इंग्रजी माध्यम, सगळं शिक्षण एकाच संस्थेत, तिथे १२ महिने इंटर्नशिप, तिथल्या देशात प्रॅक्टिस करायला पात्र असणं, शिवाय भारतात परत येऊन परीक्षा आणि आणखी १२ महिने इंटर्नशिप. नीट पास असणं इथेही लागतंच. कन्सल्टंट हे सगळं एका वाक्यात उडवतो. त्याला प्रत्येक अटीसाठी कागद दाखवायला सांगा, तो चहा मागवेल.

रिपोर्टिंगला काय काय न्यायचं?

एक जाड बॉक्स फाइल. त्यात नीटचं अ‍ॅडमिट कार्ड आणि स्कोअरकार्ड, अलॉटमेंट लेटर, दहावी-बारावीच्या मार्कशीट आणि सर्टिफिकेट, कॉलेज सोडल्याचा दाखला, नॅशनॅलिटी, डोमिसाइल, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी (जात पडताळणीचा दाखला), नॉन-क्रीमी लेयर (पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं), ईडब्ल्यूएस असेल तर ते, मेडिकल फिटनेस, आधार, आणि वर्ष गॅप असेल तर अ‍ॅफिडेव्हिट. झेरॉक्सचे चार-पाच सेट, क्रम माहितीपत्रकात आहे तोच, प्रत्येकावर सही. पासपोर्ट फोटो मूठभर, ते पहिल्या महिन्यात कुठे जातात कळत नाही. बऱ्याच सरकारी कॉलेजांत डीडी लागतो, बहुधा अधिष्ठात्यांच्या नावाने, नेमकं नाव कॉलेजच्या वेबसाइटवर असतं, स्पेलिंगसकट उतरवून बँकेत जा.

ओरिजिनल कॉलेज ठेवून घेतं. म्हणून निघायच्या आधी सगळ्याचं रंगीत स्कॅन करून मेलवर आणि डिजिलॉकरमध्ये ठेवा. आणि जमा केल्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, क्लार्क "नंतर या" म्हणाला तरी तिथेच हसत उभे राहा. ऑनलाइन तुमचं स्टेटस जॉइन्ड झालं का ते पण समोर दाखवून घ्या.

व्हॅलिडिटीवाल्यांनो, अकरावीतच अर्ज करा. लहान भाऊ-बहीण असेल तर त्यांचा पण आत्ताच टाकून द्या.

हॉस्टेलला काय नेऊ?

कमी. आई अख्खं घर बांधून देते. गादी, बादली, मग, खुर्ची, हे सगळं कॉलेजच्या गेटसमोर मिळतं, त्या दुकानदारांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं काय लागेल ते. घरून न्यायचं ते म्हणजे मच्छरदाणी, दोन चांगली कुलपं, लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड (खोलीत तिघं आणि सॉकेट एक), रोजची औषधं आणि प्रिस्क्रिप्शन. अ‍ॅप्रन दोन, फुल बाह्यांचे, कॉटनचे, मुंबई-कोकणात तीन, पावसाळ्यात वाळत नाहीत. बूट पुढून बंद असलेले, डिसेक्शन हॉलमध्ये चपला-सँडल चालत नाहीत.

पुस्तकं विकत घेऊन नेऊ नका. प्रत्येक कॉलेजात कुठल्या विषयाला काय वाचतात ते वेगळं असतं आणि सिनियर अर्ध्या किमतीत देतात. हाडांचा सेट तर नक्कीच त्यांच्याकडूनच, पिढ्यान् पिढ्या फिरत असतो, त्यावर आधीच्या कुणीतरी मसल अ‍ॅटॅचमेंट लाल-निळ्या पेनाने काढून ठेवलेल्या असतात, तेवढाच अभ्यास वाचतो.

मुलगा मराठी मीडियमचा आहे, झेपेल का?

झेपेल. पहिले तीन-चार महिने जड जातात कारण अ‍ॅनाटॉमीचे शब्द इंग्रजी मीडियमवाल्यांना पण नवीनच असतात, फक्त ते घाबरत नाहीत. व्हायवात वाक्य तुटलं तरी चालतं, गप्प राहणं चालत नाही. आणि तिसऱ्या वर्षी वॉर्डात आजीबाईशी बोलायची वेळ आली की पारडं फिरतं. मग इंग्रजी मीडियमवाले याला शोधत येतात.

डिसेक्शनला चक्कर येते का?

काहींना येते. कॅडॅव्हरपेक्षा (मृतदेहापेक्षा) फॉर्मेलिनने, डोळे चुरचुरतात, नाक गळतं. उपाशी जाऊ नका, मागे उभं राहून नुसतं बघत बसू नका, हातात फोर्सेप्स घेतला की बरं वाटतं. बऱ्याच कॉलेजांत पहिल्या दिवशी देहदान केलेल्या माणसाला नमस्कार करून शपथ घेतात. आठवड्याभरात तुम्ही तिथून थेट मेसला जाल आणि त्याचंच घरच्यांना जास्त वाटेल.

रॅगिंग होतं का हो?

आमच्या काकांच्या काळातल्या गोष्टी आता नाहीत, पण "इंट्रो" नावाखाली काही ना काही चालतं. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, प्रवेशाच्या वेळी मुलाकडून आणि पालकांकडून हमीपत्र घेतात, हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. नाव विचारलं, गाणं म्हणायला लावलं, यावर लगेच डीनकडे धावू नका. हात लावला, पैसे मागितले, झोपू दिलं नाही, कपड्यांवरून काही बोललं, तर त्याच दिवशी तक्रार, आणि एकट्याने नाही, खोलीतले सगळे मिळून.

मुलगी आहे म्हणून भीती वाटते, विशेषतः कोलकात्यात हॉस्पिटलमध्येच डॉक्टर मुलीचा खून झाला त्यानंतर.

ऑगस्ट २०२४ नंतर प्रत्येक आई हे विचारते आणि बरोबरच आहे. मुलींचं हॉस्टेल कॅम्पसच्या आत आहे का, हॉस्पिटल ते हॉस्टेल रस्त्यावर दिवे आहेत का, वॉर्डन खरोखर राहते का की फक्त रजिस्टरवर आहे, लेडीज ड्यूटी रूमला आतून कडी आहे का, हे प्रवेशाच्या दिवशी स्वतः चालत जाऊन बघा. पहिल्या वर्षी नाइट ड्यूटी नसते, ते पुढे येतं. एका कॉलेजच्या हॉस्टेलला मागच्या बाजूने कंपाउंडच नव्हतं, पालकांनी मिळून पत्र दिलं आणि दोन महिन्यांत पत्र्याचं कंपाउंड लागलं. ओरडावं लागतं.

पहिल्या वर्षी नापास झाला तर?

सप्लिमेंटरी असते, आभाळ कोसळत नाही. पण पहिलं वर्ष जास्तीत जास्त चार प्रयत्नांत काढायचं आणि अख्खा कोर्स नऊ वर्षांत, ही एनएमसीची मर्यादा आहे. बहुतेक जण अडकतात ते अभ्यासाने नाही, अटेंडन्सने. थिअरीला ७५, प्रॅक्टिकलला ८० टक्के लागतात आणि त्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. बारावीत टॉपर होता, इथे बॅचमध्ये सगळेच टॉपर, त्यामुळे पहिल्या इंटर्नलला मार्क बघून घरी फोन येईल. तेव्हा "आम्ही एवढा खर्च केला" हे वाक्य गिळून टाका.

मेसचं जेवण?

वाईट. सगळीकडे. गेटबाहेर डबा देणाऱ्या एखाद्या काकू असतातच, त्यांचा नंबर सिनियरकडे मिळेल.

दिवाळीला घरी यायला मिळेल का?

मिळते सुट्टी, पण प्रवेश उशिरापर्यंत लांबले की पहिल्या वर्षीची कापली जाते. तारीख कळायच्या आधीच तिकीट काढून ठेवा, रेल्वेचं रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या गाड्या सकाळीच भरतात, नंतर रद्द केलं तर थोडेच पैसे जातात. शिक्षणाच्या गावाहून घरी जायला विद्यार्थ्यांना सेकंड आणि स्लीपर क्लासला निम्म्या भाड्याची सवलत आहे, एससी-एसटीला पाऊण. त्याचा फॉर्म कॉलेजच्या विद्यार्थी विभागात मिळतो, त्यावर सही-शिक्का घेऊन स्टेशनच्या खिडकीवर जावं लागतं, ऑनलाइन होत नाही. तो क्लार्क जेवणानंतर तीनला येतो, त्याआधी जाऊ नका.